न्यू यॉर्क मेट्सचा १९६२चा हंगाम कसा वाचावा

क्रिकेटचे धावफलक वाचत वाढलेल्या माणसाने बेसबॉल संघाच्या एखाद्या जुन्या हंगामाचे पान उघडले, तर त्याला आकड्यांची भीती वाटत नाही. अडचण होते ती एवढीच की त्यांपैकी कोणता आकडा आधी पाहायचा आणि कोणत्यावर किती विश्वास ठेवायचा, हे त्याला ठाऊक नसते. कसोटी मालिकेत चार-पाच सामने असतात आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी सांगता येते. बेसबॉलच्या हंगामात दीडशेहून अधिक सामने असतात, ते एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज चालू असतात, आणि त्यांतला एकेकटा सामना फारसे काही सिद्ध करीत नाही. त्यामुळे हंगाम वाचायचा तर त्याला एक क्रम लावावा लागतो. तो क्रम येथे न्यू यॉर्क मेट्स या संघाच्या पहिल्या, म्हणजे १९६२च्या, हंगामावर चालवून दाखवला आहे.

हाच हंगाम निवडण्याचे कारण असे की त्याचा शेवटचा आकडा फार प्रसिद्ध आहे. ४० विजय आणि १२० पराभव एवढे सांगितले की ऐकणारा हसतो आणि पुढे काही विचारत नाही. सोबतीला रेट्रोशीट किंवा बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळांवरचे त्या हंगामाचे पान, दिवसनिहाय निकालांची यादी, एक कोरा कागद आणि पेन्सिल एवढे असले की पुरते.

तक्त्यातली ओळ

सुरुवात गुणतक्त्यापासूनच करावी, पण तो खालून वर वाचावा. १९६२च्या नॅशनल लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या दोन प्रमुख बेसबॉल लीगांपैकी एकीच्या, तक्त्यात सर्वांत खाली मेट्स ४०-१२०, त्यांच्यावर शिकागो कब्ज ५९-१०३, त्यांच्यावर ह्यूस्टन ६४-९६, आणि अगदी वर सॅन फ्रान्सिस्को जायंट्स १०३-६२ असे दिसते. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'किती सामने मागे' हा स्तंभ असतो आणि मेट्ससमोर तेथे साडेसाठ लिहिलेले असते. अर्धा सामना कोणी खेळत नाही, म्हणून नवा वाचक येथे अडखळतो. हिशेब साधा आहे. वरच्या संघाच्या विजयांतून खालच्याचे विजय वजा करावेत, म्हणजे १०३ उणे ४० बरोबर ६३. खालच्याच्या पराभवांतून वरच्याचे वजा करावेत, म्हणजे १२० उणे ६२ बरोबर ५८. दोन्हींची बेरीज १२१ होते आणि तिचे निम्मे साडेसाठ. हाच हिशेब कब्ज आणि मेट्स यांच्यात केला तर १८ येतात. याचा अर्थ मेट्स केवळ शेवटचे नव्हते. शेवटून दुसऱ्या संघापासूनही ते अठरा सामने मागे होते.

यानंतर सामन्यांची एकूण संख्या पाहावी. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये दोन नवे संघ आले, आठांचे दहा झाले, आणि प्रत्येक संघाने उरलेल्या नऊ संघांशी अठरा-अठरा सामने खेळायचे असे ठरल्याने हंगाम १६२ सामन्यांचा झाला. त्याआधी सात प्रतिस्पर्ध्यांशी बावीस-बावीस, म्हणजे १५४ सामने असत. जायंट्सची बेरीज १६५ येते, कारण लॉस एंजेलिस डॉजर्सशी बरोबरी झाल्यामुळे त्यांना निर्णयासाठी तीन जादा सामने खेळावे लागले. मेट्सची १६० येते, कारण ९ सप्टेंबरचा ह्यूस्टनविरुद्धचा एक सामना ७-७ असा बरोबरीत सुटला आणि एक सामना पावसामुळे झालाच नाही.

ही बारीक तपासणी निरुपयोगी वाटेल, पण पराभवांच्या विक्रमाची चर्चा निघाली की ती कामाला येते. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने १२१ सामने गमावले आणि मेट्सचा नकोसा विक्रम मोडला असे सगळीकडे छापून आले. पराभवांची संख्या पाहिली तर ते बरोबरच आहे. मात्र व्हाइट सॉक्सने ४१ जिंकले होते, म्हणजे त्यांचे विजयाचे प्रमाण (विजय भागिले सामने) .२५३ होते आणि मेट्सचे नेमके .२५०. त्याहीपेक्षा कमी प्रमाण १९१६च्या फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचे, ३६-११७. जुन्या हंगामांची तुलना नेहमी प्रमाणाने करावी, संख्येने नव्हे, आणि ज्या लेखात फक्त संख्या दिलेली असेल तो लेख थोडा सावधपणे वाचावा.

संघ आला कोठून

तक्ता बाजूला ठेवून आता खेळाडूंची यादी घ्यावी आणि प्रत्येक नावासमोर तो आदल्या वर्षी कोठे होता ते लिहावे. नव्या संघाच्या बाबतीत ही पायरी गाळली तर पुढचे काहीच नीट समजत नाही.

१९५७चा हंगाम संपल्यावर ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यू यॉर्क जायंट्स हे दोन्ही संघ कॅलिफोर्नियाला निघून गेले आणि न्यू यॉर्कमध्ये फक्त अमेरिकन लीगचे यँकीज उरले. शहराला नॅशनल लीगचा संघ परत मिळावा म्हणून वकील विल्यम शे यांनी खटपट केली. काँटिनेंटल लीग नावाची तिसरीच लीग उभी करण्याचा बेत पुढे आला, आणि त्या दडपणाखाली जुन्या लीगांनी स्वतःच नवे संघ घेण्याचे मान्य केले. मेट्सचे रंग पाहिले तरी हा इतिहास दिसतो: निळा डॉजर्सचा आणि नारिंगी जायंट्सचा. मालकीण जोन पेसन, अध्यक्ष जॉर्ज वाइस आणि मॅनेजर केसी स्टेंगल. स्टेंगल यांनी यँकीजला बारा वर्षांत दहा वेळा लीगचे आणि सात वेळा वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे दोन्ही लीगांच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेचे, विजेतेपद मिळवून दिले होते, आणि १९६०च्या वर्ल्ड सिरीजमधील पराभवानंतर त्यांना तेथून जावे लागले होते. मेट्सच्या पहिल्या हंगामात ते बहात्तर वर्षांचे झाले.

खेळाडू मिळाले ते १० ऑक्टोबर १९६१च्या ड्राफ्टमधून. आठ जुन्या संघांनी आपल्याकडचे जे खेळाडू सोडायची तयारी दाखवली त्यांतून मेट्सने २२ निवडले: चार प्रत्येकी १,२५,००० डॉलरला, सोळा प्रत्येकी ७५,००० डॉलरला आणि दोन प्रत्येकी ५०,००० डॉलरला. बेरीज १८ लाख डॉलर होते. जुन्या संघांनी आपले चांगले खेळाडू या यादीत ठेवले नव्हते हे सांगायला नको. मेट्सची पहिली निवड होती कॅचर, म्हणजे यष्टिरक्षकासारखा फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारा, हॉबी लँड्रिथ. कॅचर नसेल तर चेंडू मागेच जात राहतील, असे त्याचे कारण स्टेंगल यांनी दिल्याचे सांगतात.

मात्र सगळा दोष ड्राफ्टच्या माथी मारण्यापूर्वी ह्यूस्टनचे पान शेजारी उघडावे. त्याच दिवशी, त्याच याद्यांतून ह्यूस्टननेही संघ उभा केला आणि ६४ सामने जिंकून आठवा क्रमांक मिळवला. मेट्सच्या यादीत गिल हॉजेस, रॉजर क्रेग, डॉन झिमर आणि चार्ली नील ही जुन्या डॉजर्स प्रेक्षकांना ओळखीची नावे दिसतात, आणि फिलाडेल्फियात कारकीर्द गाजवून आलेला रिची ॲशबर्नही दिसतो. खेळाडूंची वये आणि ही नावे एकत्र पाहिली, की संघ निवडताना मैदानापेक्षा तिकीट खिडकीकडे अधिक लक्ष होते, असे माझे मत बनते. ॲशबर्नने मात्र .३०६च्या सरासरीने फलंदाजी केली आणि फ्रँक थॉमसने ३४ होम रन (षटकारासारखे सीमेपार जाणारे फटके) मारले, हेही त्याच यादीत लिहून ठेवावे. १२० पराभवांच्या संघात सगळेच वाईट खेळत नसतात.

हंगामाचे तुकडे

आता दिवसनिहाय निकालांची यादी घ्यावी आणि सलग विजय किंवा सलग पराभव जेथे बदलतात तेथे रेघ मारावी. मेट्सचा पहिला सामना ११ एप्रिलला सेंट लुईस येथे झाला. आदल्या दिवशीचा पावसाने वाहून गेला होता. पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा, रॉजर क्रेग याच्या एका नियमबाह्य हालचालीमुळे, म्हणजे ज्याला बेसबॉलमध्ये बॉक म्हणतात त्यामुळे, प्रतिस्पर्ध्याला एक धाव फुकट मिळाली, हॉजेसने संघाचा पहिला होम रन मारला, आणि मेट्स ११-४ असे हरले. त्यानंतर आणखी आठ सामने गेले. ०-९ अशा स्थितीत २३ एप्रिलला ते पिट्सबर्गमध्ये उतरले. पिट्सबर्गने तोवर हंगामातले पहिले दहाही सामने जिंकले होते. त्या दिवशी जे हुक या पिचरने संपूर्ण सामना एकट्याने टाकला आणि मेट्स ९-१ असे जिंकले. हुकने यांत्रिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते, आणि चेंडू हवेत वळतो का व कसा हे तो शास्त्रीय भाषेत समजावून सांगू शकत असे. त्याच्या चेंडूंना नेहमीच तेवढे ज्ञान नसे.

पहिली रेघ येथे मारावी. दुसरी २० मेला, ज्या दिवशी मेट्सने मिलवॉकीमध्ये एकाच दिवशी दोन सामने जिंकले आणि त्यांची नोंद १२-१९ झाली. या दोन रेघांमधला हिशेब काढला की हाती येते १२-१०. शेवटच्या ओळीवर थांबणाऱ्या वाचकाला हे कधीच कळत नाही, की हा संघ चार आठवडे निम्म्याहून अधिक सामने जिंकत होता. यानंतर लगेच सलग सतरा पराभव आले आणि नोंद १२-३६ झाली. तेथे तिसरी रेघ मारावी. उरलेल्या सामन्यांत २८ विजय आणि ८४ पराभव.

आता पेन्सिल हातात आहे तोवर प्रमाण काढून पाहावे. पहिल्या ४८ सामन्यांत १२ विजय, म्हणजे .२५०. उरलेल्या ११२ सामन्यांत २८ विजय, म्हणजे .२५०. सुरुवातीची घसरण, मधली उभारी आणि सतरांची दरी या सगळ्याची बेरीज नेमकी तेथेच येते जेथे उरलेला हंगाम येतो. चार सामन्यांत एक जिंकण्याएवढीच या संघाची कुवत होती आणि बाकीचे चढउतार त्याच कुवतीच्या भोवती झाले, असा निष्कर्ष त्यातून काढता येतो. म्हणून तुकडे करावेत, त्यातून कथा वाचावी, आणि मग प्रत्येक तुकडा पुन्हा एकूण प्रमाणाशी ताडून पाहावा. एकट्या मे महिन्यावरून 'मेट्स सुधारत होते' असे लिहिणारा आणि एकट्या जूनवरून 'मेट्स खचले' असे लिहिणारा, दोघेही सारखेच चुकतात.

धावांचा ताळा

विजय-पराभवांना ताळा म्हणून केलेल्या आणि दिलेल्या धावा पाहाव्यात. मेट्सने ६१७ धावा केल्या आणि ९४८ दिल्या. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी रूढ केलेले एक सोपे सूत्र आहे: केलेल्या धावांचा वर्ग घ्यावा, त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे, म्हणजे अपेक्षित विजयाचे प्रमाण मिळते. येथे ते सुमारे .२९८ येते, १६० सामन्यांना लावले की साधारण ४८ विजय होतात. प्रत्यक्षात ४० मिळाले. तेव्हा आठ विजय अटीतटीच्या सामन्यांत निसटले असे म्हणता येते, पण ते सगळे मिळाले असते तरी संघ शेवटचाच राहिला असता. त्याच पानावर क्षेत्ररक्षणातल्या चुकांची संख्या २१० आहे, आणि दिलेल्या धावांपैकी जवळपास दीडशे धावा पिचरच्या खात्यावर धरलेल्या नाहीत, कारण त्या चुकांमुळे झाल्या.

पिचरांच्या खात्यावरचे पराभव

मराठी वाचकाची सर्वाधिक दिशाभूल याच स्तंभात होते, म्हणून येथे थोडे थांबावे. बेसबॉलमध्ये प्रत्येक सामन्याचा विजय आणि पराभव एकेका पिचरच्या नावावर लिहिला जातो. संघाने जी आघाडी शेवटपर्यंत सोडली नाही ती घेतली तेव्हा जो पिचर खेळत होता त्याला साधारणपणे विजय मिळतो, आणि प्रतिस्पर्ध्याला तशी आघाडी देणारी धाव ज्याच्या खात्यावर पडते त्याला पराभव. क्रिकेटमध्ये एखाद्या कसोटीतला पराभव एका गोलंदाजाच्या नावावर लिहिला तर ते आपल्याला हास्यास्पद वाटेल. येथे ती शंभर वर्षांहून जुनी रीत आहे.

मेट्सच्या स्तंभात क्रेग १०-२४, अल जॅक्सन ८-२०, हुक ८-१९, क्रेग अँडरसन ३-१७ आणि बॉब मिलर १-१२ असे आकडे दिसतात. ते पाहून जॅक्सन वाईट पिचर होता असा समज होतो. मग त्याच्या सामन्यांची यादी उघडावी. त्याने चार सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करू दिली नाही. १४ ऑगस्टला फिलाडेल्फियाविरुद्ध तो एकटाच पंधरा डाव टाकत राहिला आणि शेवटी ३-१ असा हरला. पंधरा डावांत आपल्या फलंदाजांकडून एक धाव मिळालेल्या माणसाच्या नावापुढे त्या दिवशी पराभवाची एक खूण वाढली, एवढेच स्तंभ सांगतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: वीस-वीस पराभव व्हायला पिचर एका अर्थाने चांगलाच असावा लागतो, कारण जो खरोखर कुचकामी असतो त्याच्या हाती मॅनेजर इतक्या वेळा चेंडू देत नाही. क्रेगचे दहा विजय म्हणजे संघाच्या सगळ्या विजयांचा चौथा हिस्सा आहे.

अँडरसनची ओळ तारखांसह वाचावी. १२ मेला मिलवॉकीविरुद्ध एकाच दिवशी झालेल्या दोन्ही सामन्यांत तो बदली पिचर म्हणून आला आणि दोन्ही विजय त्याच्या नावावर लागले. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत त्याला विजय मिळाला नाही; सलग सोळा पराभव मिळाले. मिलरचे उलटे झाले: आधी बारा पराभव, आणि हंगामाच्या शेवटच्या आदल्या दिवशी, २९ सप्टेंबरला, शिकागोत २-१ असा एकुलता एक विजय. येथे एक सूचना द्यायलाच हवी. मेट्सकडे त्या वर्षी बॉब मिलर नावाचे दोन पिचर होते, एक उजव्या हाताने टाकणारा आणि एक डाव्या. १-१२ ही नोंद उजव्याची, डाव्याची २-२. नाव शोधून पहिले सापडलेले पान उतरवून घेणारा येथे हमखास फसतो.

मैदान आणि प्रेक्षक

घरच्या आणि बाहेरच्या सामन्यांची विभागणी पाहिल्याशिवाय मैदानाबद्दल काही बोलू नये. मेट्सने घरी २२-५८ आणि बाहेर १८-६२ अशी कामगिरी केली, म्हणजे घरचा फायदा नावालाच होता. घर म्हणजे मॅनहॅटनमधले जुने पोलो ग्राउंड्स, जायंट्सनी सोडून दिलेले. शे स्टेडियम १९६४ मध्ये तयार झाले. पोलो ग्राउंड्सचा आकार लांबट होता: डाव्या कडेची सीमा सुमारे २७९ फुटांवर, उजव्या कडेची सुमारे २५८ फुटांवर, आणि मधली भिंत मात्र जवळपास ४८० फूट दूर. आकडे नुसते वाचले तर विसरून जातात, म्हणून त्यांना दोन फटके जोडून ठेवावेत. १२ मेच्या पहिल्या सामन्यात लँड्रिथने नामांकित पिचर वॉरन स्पानच्या चेंडूवर उजव्या कडेला मारलेला शेवटच्या डावातला होम रन दुसऱ्या कित्येक मैदानांवर सहज झेलला गेला असता. त्यावर मेट्स ३-२ असे जिंकले. उलट १७ जूनला शिकागोच्या तरुण लू ब्रॉकने चेंडू थेट मधल्या प्रेक्षागारात पोहोचवला, आणि दुसऱ्याच दिवशी मिलवॉकीच्या हँक आरनने तेथेच पोहोचवला.

प्रेक्षकसंख्या हा आकडाही त्याच पानावर असतो आणि तो बहुधा न वाचताच सोडला जातो. मेट्सच्या घरच्या सामन्यांना ९,२२,५३० लोक आले. हा आकडा मोठा की लहान, हे त्याच मैदानावरच्या जायंट्सच्या शेवटच्या वर्षाशी ताडून ठरवावे: १९५७ मध्ये तेथे ६,५३,९२३ लोक आले होते. शेवटचा संघ पाहायला अधिक लोक का आले, याचे उत्तर वेळापत्रकात शोधावे. ३० मेला डॉजर्स शहर सोडल्यानंतर प्रथमच न्यू यॉर्कमध्ये खेळायला आले, आणि त्या दिवशीच्या दोन सामन्यांना ५५,७०४ प्रेक्षक होते. मेट्स १३-६ आणि ६-५ असे दोन्ही हरले. हे दोन्ही त्या सतरांपैकीच. लोकांना परत मिळाली होती ती नॅशनल लीग, आणि तिच्यासोबत मेट्स आले होते.

किस्से तपासून घ्यावेत

या हंगामाभोवती इतके किस्से जमले आहेत की ते खरे मानावेत की नाही असा प्रश्न पडतो. माझी रीत अशी आहे: किस्स्यातून तारीख, धावसंख्या आणि खेळाडूंची नावे वेगळी काढावीत आणि तेवढी सामन्याच्या नोंदीशी जुळवावीत, कोण काय म्हणाले हे नोंदीत नसते, ते सांगीवांगीच समजावे.

पहिल्या बेसवर (धाव पुरी करताना क्रमाने पाय लावायच्या ठाण्यांपैकी पहिल्यावर) खेळणाऱ्या मार्व थ्रोनबेरीचा १७ जूनचा किस्सा घ्या. त्याने लांब फटका मारून तिसरा बेस गाठला, पण धावताना पहिल्या बेसला त्याचा पाय लागला नव्हता, असे शिकागोने दाद मागितल्यावर पंचांनी त्याला बाद दिले. स्टेंगल वाद घालायला निघाले तेव्हा त्यांच्याच प्रशिक्षकाने 'दुसऱ्यालाही लागला नव्हता' असे सांगून त्यांना थांबवले, असा किस्सा आहे. नोंदीत तो बाद झाल्याचे सापडते, पुढच्याच फलंदाजाने, चार्ली नीलने, होम रन मारल्याचे सापडते आणि मेट्स ८-७ असे हरल्याचे सापडते. थ्रोनबेरी तिसऱ्या बेसवर उभा असता तर नीलच्या फटक्यावर एकीऐवजी दोन धावा झाल्या असत्या, आणि पराभव एकाच धावेचा होता. एवढे आपण ठामपणे लिहू शकतो. दुसऱ्या बेसचे वाक्य मात्र 'असे सांगतात' या शब्दांनीच लिहावे.

ऐकताना खोटा वाटणारा किस्सा खरा निघतो असेही होते. एप्रिलमध्ये मेट्सने कॅचर हॅरी चिटी क्लीव्हलंडकडून घेतला आणि बदल्यात एक खेळाडू नंतर देऊ असे ठरले. जूनमध्ये त्यांनी जो खेळाडू दिला तो हॅरी चिटीच होता. हा व्यवहार नोंदींत स्वच्छ सापडतो. उलट ॲशबर्नने व्हेनेझुएलाच्या एलिओ चाकोनशी टक्कर टाळण्यासाठी 'चेंडू माझा' हे स्पॅनिशमध्ये शिकून घेतले, आणि ते ऐकून चाकोन थांबला तरी स्पॅनिश न समजणारा थॉमस ॲशबर्नवर येऊन आदळला, हा लाडका किस्सा बहुतेक ठिकाणी तारखेविना सांगितला जातो. तारीख नसलेला किस्सा सांगावा जरूर, पण त्याला पुरावा म्हणून वापरू नये.

एक नोंद अक्षर-अक्षर

शेवटची पायरी म्हणजे एखाद्या खेळीची मूळ नोंद स्वतः उलगडून पाहणे. त्यासाठी क्षेत्ररक्षकांचे क्रमांक पाठ असावे लागतात: १ पिचर, २ कॅचर, ३ पहिला बेस, ४ दुसरा बेस, ५ तिसरा बेस, ६ शॉर्टस्टॉप, आणि ७, ८, ९ अनुक्रमे डावे, मधले व उजवे क्षेत्र. चेंडू ज्या क्रमाने हातांतून गेला त्या क्रमाने हे आकडे लिहिले जातात. ३० मेच्या त्या गर्दीच्या दिवशी दुसऱ्या सामन्यात मेट्सने एकाच चेंडूवर डॉजर्सचे तिघे बाद केले. ती नोंद ६-४-३ अशी आहे: शॉर्टस्टॉप चाकोनने थेट झेल घेतला, दुसऱ्या बेसवर नीलकडे फेकला, नीलने पहिल्या बेसवर हॉजेसकडे.

आता ३० सप्टेंबर १९६२चे पान उघडावे. ठिकाण शिकागो, रिग्ली फील्ड. हंगामाचा शेवटचा सामना. मेट्स ५-१ असे हरणार आहेत. आठव्या डावात मेट्सचा सॅमी ड्रेक दुसऱ्या बेसवर आणि ॲशबर्न पहिल्या बेसवर आहे, कोणीही बाद नाही, आणि फलंदाजीला जो पिग्नाटानो आला आहे. त्याच्यापुढची नोंद ४-३-६ अशी दिसेल. ४ म्हणजे दुसऱ्या बेसचा केन हब्ज, त्याने फटका झेलला आणि पिग्नाटानो बाद झाला. ३ म्हणजे पहिल्या बेसचा अर्नी बँक्स, त्याच्याकडे चेंडू पोहोचला तेव्हा ॲशबर्न बेस सोडून पुढे गेलेला होता, तो बाद झाला. ६ म्हणजे शॉर्टस्टॉप आंद्रे रॉजर्स, त्याने दुसऱ्या बेसवर ड्रेकला बाद केले. ही नोंद उलगडून झाली की त्या तिघांची कारकिर्दीची पाने एकेक करून उघडावीत आणि शेवटच्या सामन्याची तारीख पाहावी. तिन्ही पानांवर ती तारीख ३० सप्टेंबर १९६२ हीच आहे.